हशासाठी सोडलेली जागा

"काका, तुम्ही काहीच करू नका," दिग्दर्शिका म्हणाली.

धप्पा खुर्चीत बसला होता. समोर लाकडी टेबल, टेबलावर हिरव्या टोपीचा दिवा, आणि तोंडापासून हातभर अंतरावर कॅमेरा. त्याने मान डोलावली. जरा वेळाने विचारलं, "काहीच म्हणजे किती?"

लाइटवाले फिसकन हसले. दिग्दर्शिका हसली नाही.

"काहीच म्हणजे काहीच. नुसतं बसा. विचार करा."

"कसला?"

"लेखक करत असेल तो."

"तो कसला करत असेल?"

"ते कुणाला माहीत, काका? त्यासाठीच तर सिनेमा काढतोय ना."

आता बोला. ज्या माणसाने अख्खं आयुष्य शिडीवरून, सायकलवरून, बैलगाडीवरून, आणि एकदा तर भरल्या ताटांच्या टेबलावरून पडण्यात घालवलं, त्याला सांगतात काहीच करू नका. माशाला सांगावं की बाबा, आज जरा कोरडा पोह.

सगळे त्याला धप्पाच म्हणतात. पोस्टरवर दुसरं नाव असतं, पण रस्त्यात कुणी ते घेत नाही. पोरं लांबून ओरडतात, "ए धप्पा, पड की!" पूर्वी तो पडायचासुद्धा. बाजारात, हातात पिशवी असताना, पोरांसाठी. आता नाही पडत. गुडघ्यांनी साथ सोडलीय. जिना उतरताना असे वाजतात की खालचा सायकल दुरुस्तीवाला मान वर न करता म्हणतो, "या धप्पाभाऊ, तेल घालून देऊ का?"

त्याची सुरुवातच मुळी चुकून झाली. तो फिरत्या नाटक कंपनीत सामान उचलायचा. खुर्च्या, पडदे, पुठ्ठ्याची झाडं. एका मुक्कामात नोकराचं काम करणारा नट तापाने आडवा झाला. मालकाने याच्या अंगावर कोट चढवला आणि बजावलं, ट्रे घेऊन जायचं, टेबलावर ठेवायचा, परत यायचं, तोंडातून ब्र काढायचा नाही. धप्पा गेला, आणि दुपारी स्वतःच अंथरलेल्या जाजमात पाय अडकून असा काही आपटला की कपबशा थेट पहिल्या रांगेत. लोक पोट धरून हसले. धप्पाला वाटलं, संपलं, आता हाकलतील. आत आला तर पडद्याआड मालक उभा. याच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "उद्या परत पड."

ही सगळी त्याची नटगिरीची शाळा. बाकी काही शिकला असेल तर मालकानेच एकदा जेवताना सांगितलं ते.

"पडायला काय, कुणीही पडेल," मालक म्हणाला होता. "पडल्यावर गप राहता आलं पाहिजे. वाक्य टाकलंस की थांब. हशा चढतो, माथ्यावर जातो, मग उतरायला लागतो. उतरायला लागला की पुढचं वाक्य. आधी बोललास तर हशा मेला. उशिरा बोललास तर तू मेलास. लोकांना हसायला जागा दे."

धप्पाने ते असं अंगात भिनवलं की घरीही सुटेना. तो म्हणायचा, "मीठ संपलंय," आणि थांबायचा. उजव्या हाताचा अंगठा शेजारच्या बोटावरून हळू खालीवर फिरायचा. हशा मोजायची ती त्याची सवय. बायको शिवणयंत्रावरून डोकं न काढता म्हणायची, "कुणी हसणार नाहीये. आणा जाऊन मीठ."

बायको शिंपीण. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत तिचं मशीन, कापडाचे ढीग आणि लोकांचे अर्धे शिवलेले कपडे. धप्पाच्या प्रत्येक पाटलोणीत तिने आतून कापसाच्या गाद्या शिवल्या. कमरेला एक, कुल्ल्यांना दोन, गुडघ्यांना दोन. सिनेमात धप्पा शेजारी म्हणून पडला, हवालदार म्हणून विहिरीत पडला, वधूचा मामा म्हणून केकमध्ये पडला. ज्यांना वाटतं यात काय मोठंसं, त्यांनी एकदा शिडीवरून पाठीवर पडून दाखवावं. तेही हसू न येता. मग बोलावं.

पण गेल्या सिनेमात एक गोष्ट झाली. गुडघ्यांच्या डॉक्टरने सांगितलं होतं की आणखी एकदा जोरात आपटलात तर कुबडी घ्या. म्हणून निर्मात्याने एक तरणा पोरगा आणला, त्याला धप्पाचे कपडे घातले आणि गच्चीवरून गवतावर पाडलं. धप्पा बाजूला टॉवेल घेऊन उभा. पोरगा झकास पडला. सगळे हसले. धप्पाही हसला. घरी आल्यावर मात्र त्याने जेवायला नको म्हटलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"मी पडलो आज. खूप छान पडलो. मी तिथे नव्हतोच."

बायकोने मशीन थांबवलं. ती सहसा थांबवत नाही.

"मग मी कोण गं?" तो म्हणाला.

आणि या वेळी तो हशासाठी थांबला नव्हता.

त्यानंतर पुष्कळ दिवस कुणी बोलावलं नाही, आणि मग ही पोरगी जिना चढून वर आली. दिग्दर्शिका. वयाने मुलीसारखी, केस कापलेले, बुटांची नाडी सुटलेली. तिला एका लेखकावर सिनेमा काढायचा होता. पोरांसाठी गोष्टी लिहिणारा लेखक, जाऊन बरीच वर्षं झालेला. त्याच्या गोष्टी एका उंटाच्या. या उंटाला लपायची भारी हौस. कधी पडद्यामागे लपतो, कधी खाटेखाली, कधी बादलीत. उंटच तो, कुठून ना कुठून बाहेर राहायचाच. आणि घरातली माणसं दरवेळी तो दिसतच नाही असं सोंग करतात. लोक त्या लेखकाला उंटवाले म्हणत.

"तुम्ही उंटवाल्यांचं काम करायचं," ती म्हणाली.

"ते पडायचे का?"

"नाही हो. फार गप्प गृहस्थ होते."

"मग मी कशाला?"

"लहानपणी तुम्हाला विहिरीत पडताना बघितलं होतं. तुमचा पडल्यानंतरचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे."

ती गेल्यावर धप्पा आरशासमोर जाऊन उभा राहिला. मग बायकोला विचारलं, "माझा पडल्यानंतरचा चेहरा कसा असतो?"

"मला काय माहीत? मी तेव्हा गादी उसवली का ते बघत असते."

म्हणजे काही कळलं नाही. पण त्याने हो म्हटलं. एक तरी काम असं, ज्यात पडायचं नाही. पडल्याशिवाय आपल्यातलं काही उरतं का, हे एकदा बघायचं होतं त्याला. बास, एवढंच. ते मिळालं नसतं तर हा माणूस घरी बसून बटणं लावत राहिला असता, आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

एक मेख होती. उंटवाल्यांची मुलगी अजून होती. आता स्वतःच म्हातारी, दातांची डॉक्टर, दवाखाना नुकताच बंद केलेला. गोष्टी वापरायला तिने एका अटीवर परवानगी दिली होती. शूटिंगला एक दिवस येणार, वडिलांचं काम करणाऱ्याला बघणार, आणि हे माझे वडील नव्हेत असं वाटलं तर माणूस बदलायचा. दिग्दर्शिकेने ही गोष्ट धप्पापासून लपवली नाही. दुसरा नटही ठरलेला होता. लांब चेहऱ्याचा, भारी आवाजाचा, ज्याला बघूनच माणसाला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटतं. त्याला तारखा मोकळ्या ठेवायला सांगितलं होतं.

तर शूटिंग सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी ते काहीच करू नका.

धप्पाने वाक्य म्हटलं. टेबलाशी बसलेल्या लहान मुलीला, म्हणजे सिनेमातल्या त्याच्या लेकीला, तो म्हणाला, "आज मला काही सुचलं नाही." आणि थांबला. अंगठा बोटावरून फिरला. मग म्हणाला, "पण उंट आहे घरात कुठेतरी."

"कट," दिग्दर्शिका म्हणाली. मग पुढे आली आणि तिच्या डोळ्यांत चक्क पाणी. "काका, हे काय केलंत तुम्ही?"

धप्पा घाबरला. "चुकलं का? परत करू?"

"नाही, नाही! तो मधला विराम! आणि तो अंगठा! जणू शब्द चाचपून बघताय."

धप्पाने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा नेहमीसारखाच होता.

मग रोज तेच. तो वाक्य म्हणायचा, थांबायचा, वाक्य म्हणायचा. सेटवर चिडीचूप. कॅमेरावाला मान हलवायचा. मेकअपवाली म्हणायची, "काका, तुमच्या त्या शांततेने अंगावर काटा येतो हो." धप्पा म्हणायचा, "बरं बरं." कुठली शांतता, कशाची शांतता, त्याला काडीचं कळत नव्हतं. घरी येऊन बायकोला सांगायचा, "मी काहीच करत नाही, आणि ते म्हणतात फार छान करताय."

"मग बरंय की. कपडे तरी मळत नाहीत."

"अगं पण मी काय करतोय ते मला कळायला नको?"

"एवढी वर्षं कळत होतं का?"



घोळ घातला तो साउंडवाल्याने. हा गडी पूर्वी नाटकात ध्वनी सांभाळायचा, आता कानांवर हेडफोन लावून कोपऱ्यात बसलेला असायचा. एके दिवशी चहाच्या वेळेला शेजारी येऊन बसला आणि कपात बघत म्हणाला, "धप्पाकाका, रागावू नका. पण तुम्ही हशाला थांबताय, हो ना?"

"म्हणजे?"

"वाक्यानंतर. मला कानात सगळं ऐकू येतं. तुम्ही श्वास रोखता. नाटकात रोखायचात अगदी तसाच. हशा उतरेपर्यंत. इथे हशाच नाहीये, म्हणून तुम्ही अंदाजाने थांबता."

धप्पाच्या हातातला कप तिथेच राहिला. त्याच्या डोळ्यांसमोरून सगळे दिवस गेले. मीठ संपलंय. उंट आहे घरात कुठेतरी. सगळीकडे तेच. मालकाने शिकवलेलं तेच, आणि ही शहाणी माणसं त्याला दुःख समजून बसली होती.

दुसरा कुणी असता तर गप बसला असता. स्तुती चाललीय, चालू दे. धप्पा तसला नाही. तो उठला, कुरकुरत्या गुडघ्यांनी थेट दिग्दर्शिकेकडे गेला आणि म्हणाला, "पोरी, तुझी फसवणूक होतेय. ती शांतता वगैरे काही नाही. मी हसण्याची वाट बघतोय."

ती बघतच राहिली. "कुणाच्या?"

"लोकांच्या. सवयच आहे मला. मी मुद्दाम काही करत नाही."

तिने नखं खाल्ली, आणि शेवटी म्हणाली, "असू दे काका. काय असेल ते असू दे. तसंच करा."

आणि तसंच करायला गेला तर जमेना. चालताना कोणता पाय आधी टाकतो हे कुणी विचारावं आणि माणूस भर रस्त्यात अडखळावा, तसं झालं. तो थांबायचा, तर आपण थांबलोय हे आठवायचं. अंगठा फिरायचा, तर अंगठ्याची लाज वाटायची. त्याने हात टेबलाखाली घेतला. दिग्दर्शिका म्हणाली, हात वर. वर घेतला तर तो मेल्या मासोळीसारखा पडून राहिला. कधी फार थांबला, कधी दोन वाक्यं एकात एक कोंबली. मेकअपवालीच्या अंगावर काटा यायचा बंद झाला. आणि नेमकं तेव्हाच कळलं, उद्या डॉक्टरबाई येताहेत.

डॉक्टरबाई आल्या. बारीक, ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेले. कुणाशीही बोलताना आधी त्याच्या तोंडात बघायच्या, मग डोळ्यांत. लाइटवाला "नमस्कार" म्हणाला तर म्हणाल्या, "तंबाखू सोडा." कॅमेऱ्यामागे त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली. आणि दाराशी, काही काम नसताना, तो लांब चेहऱ्याचा नटही येऊन उभा होता. सहज इकडून चाललो होतो म्हणे. असं सहज कुणी जात नाही त्या रस्त्याने, तिथे पुढे फक्त लाकडाची वखार आहे.

सीन साधा होता. उंटवाले जेवणाच्या टेबलाशी लेकीला नवी गोष्ट सांगतात. धप्पाने घरी ठरवून टाकलं होतं, सवय मोडायची. थांबायचं नाही. खऱ्या नटासारखं करायचं. त्याने सगळी गोष्ट एका दमात सांगितली, भुवया आकसून, आवाज खाली नेऊन. अगदी लांब चेहऱ्याच्या नटासारखी.

"कट," दिग्दर्शिका हळूच म्हणाली.

सगळे डॉक्टरबाईंकडे बघायला लागले. त्यांनी चष्मा काढला.

"हे कोण?" त्या म्हणाल्या.

"हे… आपले धप्पाकाका," दिग्दर्शिका म्हणाली.

"ते मला माहीत आहे. मी विचारतेय, हे टेबलाशी बसलेले कोण? माझे वडील असे घाईत नसत. यांची गाडी चुकणार आहे का कुठली?"

कुणी हसलं नाही. दाराशी असलेला नट भिंतीपासून थोडा सरळ झाला. दिग्दर्शिकेने जेवणाची सुट्टी जाहीर केली, कारण दुसरं काय जाहीर करावं हे तिला सुचत नव्हतं.

धप्पा आपला डबा घेऊन मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. तिथे रंगाचे डबे, तुटक्या खुर्च्या, एक मांजर. बायकोने डब्यात नेहमीसारखं दोन माणसांचं भरलं होतं. त्याला घास जाईना. म्हणजे बघून झालं. पडणं काढून टाकलं तर आत काही नाही. उत्तर मिळालं.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. पायऱ्यांवर रुमाल अंथरला आणि बसल्या.

"तुमची वरची डावी दाढ कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

धप्पाने जिभेने चाचपून बघितलं. "नाटकात गेली."

"कशी?"

"शिडीवरून पडायचं होतं. पडलो. दात उडाला आणि पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या मांडीवर गेला." तो थांबला. अंगठा बोटावरून फिरला. त्याचं लक्षही नव्हतं. "मध्यंतरात त्यांनी तो आणून दिला. रुमालात गुंडाळून." परत थांबला. "रुमाल मात्र परत मागितला."

डॉक्टरबाई हसल्या. अशा हसल्या की मांजर उठून गेलं. नेमक्या तिथेच हसल्या, जिथे जागा होती. धप्पाच्या कानावर किती दिवसांनी हशा पडला! उन्हातून आलेल्याने घटाघटा पाणी प्यावं तसा त्याने तो ऐकला.

हसू ओसरल्यावर डॉक्टरबाई त्याच्या हाताकडे बघायला लागल्या.

"आत्ता थांबलात ते कशाला?"

"सवय आहे हो. हशाला."

"मग मघाशी आत का नाही थांबलात?"

"तुमचे वडील मोठे लेखक. मी म्हटलं, त्यांच्या तोंडी माझी खोड कशाला."

डॉक्टरबाई उठल्या. रुमाल झटकला, घडी घातली आणि आत गेल्या. धप्पाला कळेना, हे बरं झालं की वाईट. त्याने डबा बंद केला, मग उघडला, मग एक घास खाल्ला, म्हटलं काढूनच टाकणार असतील तर उपाशी कशाला जा.

आत गेला तर वेगळंच चित्र. लहान मुलीची खुर्ची कॅमेऱ्यात दिसणार नव्हती, फक्त धप्पाचं तोंड दिसणार होतं. त्या खुर्चीत डॉक्टरबाई बसल्या होत्या. ताठ. दोन्ही कोपरं टेबलावर, हनुवटी मुठींवर.

"मला सांगा," त्या म्हणाल्या. "त्या कॅमेऱ्याला नको. मला."

दिग्दर्शिकेने धप्पाकडे पाहिलं, धप्पाने दिग्दर्शिकेकडे. दोघांनाही काही कळत नव्हतं. कॅमेरा सुरू झाला.

"उंट आज बादलीत लपला," धप्पा म्हणाला.

थांबला. समोर बाई बसलेली, माणूस बसलेलं, मघाशी मनापासून हसलेलं. तो वाट बघत राहिला. डॉक्टरबाईंचा चेहरा दगडासारखा.

"मान बाहेर राहिली." थांबला. काही नाही. "घरातल्यांनी तिच्यावर टॉवेल वाळत घातला."

इथे तर हसायलाच हवं. धप्पाने पक्की जागा सोडली, मोठी, दारासारखी. अंगठा फिरत राहिला. डॉक्टरबाईंचे ओठ घट्ट मिटलेले. काय चुकतंय? पायऱ्यांवर तर हसल्या. तो थोडा पुढे झुकला, आणखी थांबला. डोळ्यांनीच त्यांच्याकडे हसू मागायला लागला. हातात टोपी धरून उभं राहावं, तसं.

"आजी आली आणि म्हणाली, काय छान बादली आहे ही." काही नाही.

"मग एक दिवस उंट इतका चांगला लपला," धप्पा म्हणाला, आणि आता त्याचा आवाज खरंच हलत होता, कारण संपत आलं होतं आणि एकदाही हशा मिळाला नव्हता, "की कुणाला सापडलाच नाही."

तो थांबला. हे शेवटचं वाक्य. याच्यापुढे काही नव्हतं. तो थांबूनच राहिला. दिग्दर्शिका कट म्हणेना. साउंडवाल्याने हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले होते. धप्पाने डॉक्टरबाईंकडे बघून हळूच विचारलं, आणि हे कुठेच लिहिलेलं नव्हतं:

"नाही आवडली?"

"कट," दिग्दर्शिका कशीबशी म्हणाली.

डॉक्टरबाई अजून तशाच बसलेल्या. मग मुठी हनुवटीखालून काढल्या.

"हेच विचारायचे," त्या म्हणाल्या. "रोज. वाक्य सांगायचे, माझ्याकडे बघत बसायचे. मी हसले की म्हणायचे, जमली गोष्ट, आणि उठून लिहायला आतल्या खोलीत जायचे. दार लावून घ्यायचे. मग सकाळपर्यंत बाबा नाहीत." त्यांनी चष्मा पुसला. "म्हणून मी हसायचेच नाही. मुद्दाम. जीभ चावून बसायचे. हसले नाही की ते आणखी एक वाक्य सांगायचे. आणखी एक. तो टॉवेल वगैरे, ते सगळं मी हसले नाही म्हणून सुचलेलं आहे."



"त्यांना कधी सांगितलं नाहीत?" धप्पाने विचारलं.

"नाही. त्यांना शेवटपर्यंत वाटायचं, आपल्या लेकीला आपल्या गोष्टी आवडत नाहीत." मग त्या उठल्या आणि दिग्दर्शिकेला म्हणाल्या, "माणूस बदलू नका." जाता जाता दाराशी उभ्या नटाच्या तोंडात बघितलं आणि त्याला म्हणाल्या, "तुमचे दात उत्तम आहेत." तो बिचारा त्यावरच खूश होऊन गेला.

धप्पा मात्र टेबलाशीच बसून होता. राहिलो, एवढं कळलं. पण कशामुळे, ते कळेना. त्याने हशा मागितला, मिळाला नाही, आणि म्हणे तेच बरोबर. म्हणजे सगळ्यात वाईट पडला तो प्रयोग सगळ्यात चांगला झाला. मालक असता तर त्याला विचारलं असतं. मालक कुठे आता.

सिनेमा लागला तेव्हा तो बायकोला घेऊन दुपारच्या खेळाला गेला, मागच्या रांगेत, कुणी ओळखू नये म्हणून टोपी घालून. आत शिरताना तिकीट फाडणाऱ्याने ओळखलंच. "धप्पा! कुठे पडता यात?"

"नाही पडत."

"मग काय करता?"

धप्पाने टोपी आणखी खाली ओढली. बायको म्हणाली, "बघायला या ना. आम्हालाही कळेल."

अंधारात त्याचाच चेहरा एवढा मोठा. त्याला खुर्चीत रुतावंसं वाटलं. तो सीन आला. उंट आज बादलीत लपला. पडद्यावरचा धप्पा थांबला. थिएटर गप्प. पुढे कुणीतरी नाक ओढलं. मान बाहेर राहिली. गप्प. खुर्चीतल्या धप्पाचा अंगठा आपोआप फिरायला लागला. घरातल्यांनी तिच्यावर टॉवेल वाळत घातला.

आणि शेजारी बायको खुदकन हसली. एकटीच, अख्ख्या थिएटरात. पुढच्या बाईने मागे वळून डोळे वटारले.

"अगं," धप्पा कुजबुजला, "ते रडायचं आहे."

"असेल. तुम्ही जागा सोडली होती ना."

"सगळे रडताहेत!"

"त्यांच्या घरातलं मीठ नाही ना संपत," ती म्हणाली. "बघू द्या आता."

हसली म्हणून चिडावं की खूश व्हावं, त्याला ठरवता येईना. पडद्यावर आजी आली, बादली छान आहे म्हणाली. धप्पा पडद्याकडे बघतच नव्हता. तो बायकोकडे बघत होता. तिने पदराचा बोळा करून तोंडात धरला होता, खांदे गदगदत होते, आणि तरी ती हसत नव्हती. मोठा धप्पा वर वाट बघत राहिला, आणि छोटा धप्पा खाली.

मग मोठ्याने विचारलं, "नाही आवडली?"

बायको समोरच बघत होती. ओठ घट्ट मिटलेले. तिने अंधारात हात पुढे केला, त्याचा फिरणारा अंगठा मुठीत पकडला, आणि मुद्दाम, अगदी मुद्दाम, हसली नाही.